वाचकांचे प्रश्न: वेब सर्व्हर कुठला, आणि तो सांभाळणार कोण?

प्रश्न: ताई नमस्कार, आमची सात जणांची टीम आहे आणि टीमची एक वेबसाइट आहे. माहितीची पंधरा-वीस पानं आणि बातम्या वर्डप्रेसवर, शिवाय आम्हीच पायथनमध्ये लिहिलेलं एक छोटं ॲप, ज्यात कोणाकडे कुठलं काम आहे ते नोंदवतो. इतके दिवस सगळं शेअर्ड होस्टिंगवर होतं, पण ॲप तिथे नीट चालेना म्हणून आता स्वतःचा व्हीपीएस (भाड्याचा, पण पूर्ण आपल्या ताब्यातला व्हर्च्युअल सर्व्हर) घेतलाय, १ जीबी रॅमवाला. वाद असा की त्यावर वेब सर्व्हर (ब्राउझरने मागितलेलं पान पाठवणारा प्रोग्राम) कुठला लावायचा: एक जण म्हणतो ॲपाचीच ठेवा, दुसरा म्हणतो एन्जिनएक्स सगळ्यात फास्ट, आणि तिसरी म्हणते कॅडी लावा नि मोकळे व्हा. दोन आठवडे हेच चाललंय. यातला फास्ट कुठला तेवढं सांगा, म्हणजे विषय संपेल.

उत्तर: वेगावरून हा विषय संपणार नाही, कारण तुमच्या साइटवर वेगाचा फरक जाणवेल इतकी गर्दीच नाहीये. इगोर सिसोएव्ह यांनी २००२ मध्ये एन्जिनएक्स लिहायला घेतला (लोकांसाठी बाहेर आला २००४ मध्ये) तेव्हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता एकाच मशीनवर एकाच वेळी दहा हजार कनेक्शन्स कशी सांभाळायची. त्या काळचा ॲपाची एकेका कनेक्शनमागे एक आख्खी प्रोसेस (चालू प्रोग्रामची स्वतंत्र प्रत) नाहीतर थ्रेड (त्याच प्रोग्राममधला कामाचा एक धागा) अडकवून ठेवायचा, एन्जिनएक्सने मोजक्याच वर्कर प्रोसेस ठेवल्या आणि एकेकीला शेकडो-हजारो कनेक्शन्स एकदम बघायला लावली, म्हणून तो इतका गाजला. काम खरंच अप्रतिम आहे. पण तुमच्याकडे सात जण आणि दिवसभरात येणारे काही पाहुणे, तिथे एक साधी फाइल यातला कुठलाही सर्व्हर डोळ्याची पापणी लवायच्या आत देतो. तुमचं पान हळू उघडत असेल तर वर्डप्रेस डेटाबेसला एकाच पानासाठी किती वेळा विचारतंय ते बघा, नाहीतर कोणीतरी कॅमेऱ्यातून काढलेला पाच एमबीचा फोटो तसाच चढवलेला असेल तो बघा. सर्व्हर बदलून त्यातलं काहीच सुधारत नाही.

मग विचारायचं काय? मी दोनच गोष्टी विचारते. सर्व्हरच्या मागे काय काय चालणार आहे, आणि साइट बंद पडली की टीममधलं नेमकं कोण उठून लॉगिन करणार आहे. दुसऱ्या प्रश्नाला बहुतेक टीम "आम्ही सगळे" असं उत्तर देतात, आणि "सगळे" म्हटलं की वेळेला कोणीच नसतं, हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता आधी त्या माणसाचं नाव मागते आणि मगच सर्व्हरचं नाव सांगते.

तुमच्या तिन्ही पर्यायांकडे आता या नजरेने बघू.

ॲपाची १९९५ पासून आहे. त्याची सगळ्यात ओळखीची गोष्ट म्हणजे ती डॉट एचटीॲक्सेस (.htaccess) फाइल. शेअर्ड होस्टिंगवर शेकडो लोक एकाच सर्व्हरवर असतात, मुख्य कॉन्फिगला (सर्व्हरच्या सेटिंगच्या फाइलला) कोणालाच हात लावू देता येत नाही, म्हणून आपापल्या फोल्डरमध्ये ही छोटी फाइल ठेवून आपल्यापुरते नियम लिहायचे अशी ती सोय. याची किंमत अशी की ही सोय चालू असली की ॲपाची दर रिक्वेस्टला वरच्या फोल्डरपासून खालपर्यंत प्रत्येक ठिकाणी ती फाइल आहे का बघत जातो, आणि म्हणूनच ॲपाचीच्या स्वतःच्या डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलंय की मुख्य कॉन्फिग तुमच्या हातात असेल तर नियम तिथेच लिहा. तुमच्या हातात आता ती आहे.

पण इथे एक खड्डा आहे आणि तो नीट समजून घ्या, कारण यात साइट बंद पडत नाही, सगळं छान चाललेलं दिसतं आणि आतून दार उघडं राहतं. वर्डप्रेसचे बरेच प्लगइन गुपचूप डॉट एचटीॲक्सेसमध्ये स्वतःचे नियम लिहून ठेवतात. बॅकअपचं फोल्डर बाहेरून उघडू नये, अपलोडच्या फोल्डरमध्ये पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती) चालू नये, लॉग फाइल कोणाला दिसू नये वगैरे. एन्जिनएक्स ही फाइल वाचतच नाही. कॅडीही वाचत नाही. एरर येत नाही, वॉर्निंग येत नाही. तुम्ही साइट उचलून एन्जिनएक्सवर नेता, पानं उघडतात, सगळे खूश, आणि तिकडे आख्ख्या डेटाबेसचा बॅकअप ज्याला पत्ता माहीत आहे त्याला डाउनलोड करता येतो. एका टीमच्या साइटवर मी हे स्वतः बघितलंय, स्थलांतराला चार महिने होऊन गेले होते आणि कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. तेव्हा जुन्या होस्टिंगवरून निघायच्या आधी प्रत्येक फोल्डरमधल्या डॉट एचटीॲक्सेस शोधून काढा, फाइलच्या नावाची सुरुवातच टिंबाने असल्यामुळे साध्या यादीत त्या दिसत नाहीत, आणि एकेक उघडून वाचा. काय लिहिलंय ते कळलं नाही तर ती ओळ सोडून देऊ नका, ज्याला कळतं त्याला विचारा.

ॲपाची जड आहे असं जे म्हणतात त्यातही थोडं खरं आहे. जुन्या पद्धतीत पीएचपी थेट ॲपाचीच्या पोटात बसवलेलं असायचं, त्यामुळे नुसता लोगो द्यायचा असला तरी जी प्रोसेस उठायची ती पीएचपीचं ओझं घेऊनच उठायची, आणि १ जीबी रॅममध्ये अशा तीस-चाळीस प्रोसेस झाल्या की मशीन गुदमरतं. आता तसं करायची गरज नाही. ॲपाचीला इव्हेंट मोडमध्ये चालवा आणि पीएचपी वेगळं, पीएचपी-एफपीएम म्हणून. मग तुमच्या कामाला तो अजिबात जड पडत नाही.

एन्जिनएक्सची कॉन्फिग आटोपशीर असते पण ती वरून खाली वाचत गेलात तर फसाल. कुठला लोकेशन ब्लॉक (कुठल्या पत्त्याला काय नियम ते सांगणारा भाग) लागू होणार हे नुसत्या क्रमाने ठरत नाही, रेग्युलर एक्स्प्रेशनवाले (नमुन्यावरून पत्ते जुळवणारे) ब्लॉक साध्या प्रीफिक्सवाल्यांवर (पत्त्याच्या सुरुवातीवरून जुळवणाऱ्यांवर) मात करू शकतात, आणि नव्या माणसाचा पहिला आख्खा दिवस इथेच जातो. दुसरं म्हणजे अपलोडची मर्यादा मुळात १ एमबी असते, त्यामुळे टीममधलं कोणीतरी पीडीएफ चढवायला जातं आणि ४१३ एरर येते, मग सगळे वर्डप्रेसमध्ये दोष शोधत बसतात. आणि वर्डप्रेस लावल्यावर होमपेज उघडतंय पण बाकी सगळी पानं ४०४ देतायत असं झालं तर ट्राय फाइल्सची ओळ (मागितलेली फाइल नसेल तर मागणी वर्डप्रेसकडे पाठवणारी) राहिलीये असं समजा, कारण ते काम आधी डॉट एचटीॲक्सेस करत होती. हे सगळं एकदा कळलं की एन्जिनएक्स वर्षानुवर्षं निमूट चालतो, पण "एकदा कळलं की" यासाठी टीममध्ये एक माणूस लागतो जो हे शिकेल आणि टिकेल.

कॅडी यातला सगळ्यात नवा, २०१५ चा, गो भाषेत लिहिलेला. डोमेनचं नाव लिहा, खाली रिव्हर्स प्रॉक्सी (आलेली मागणी मागच्या ॲपकडे पोचवायची सूचना) आणि ॲपचा पोर्ट क्रमांक लिहा, झालं. एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट (साइट त्याच डोमेनची आहे अशी ब्राउझरला खात्री देणारं) तो स्वतः आणतो आणि स्वतः रिन्यू करतो. मूळ होस्टचं नाव आणि पाहुण्याचा खरा आयपी मागच्या ॲपला कळवणारे जे हेडर एन्जिनएक्समध्ये हाताने लिहावे लागतात तेही तो आपणहून पाठवतो. वर्डप्रेससाठी पीएचपी-एफपीएमला जोडणारी एक ओळ आहे, तिच्यात परमालिंकचंही (पानांच्या सुटसुटीत पत्त्यांचंही) भागतं. कमी काय, तर अडचण आली की शोधून मिळणारी उत्तरं एन्जिनएक्सपेक्षा कमी आहेत आणि त्यातली जुनी उत्तरं पहिल्या व्हर्जनची आहेत, जी २०२० मध्ये आलेल्या दुसऱ्या व्हर्जनला चालत नाहीत. उत्तर कॉपी करण्याआधी ते कुठल्या व्हर्जनचं आहे बघा.

आता तुमचा निकाल. जुन्या डॉट एचटीॲक्सेसमध्ये वर्डप्रेसचा नेहमीचा परमालिंकचा तुकडा आणि आणखी चार-पाच समजणारे नियम एवढंच असेल तर कॅडी लावा, ते चार-पाच नियम कॅडीफाइलमध्ये पुन्हा लिहा, आणि तुमच्यातली तिसरी बरोबर होती असं तिला सांगा. पण तिथे पाच वर्षांचे रीडायरेक्ट, प्लगइनचे नियम असं सगळं साचलेलं असेल आणि ते बसून निस्तरायला कोणाला वेळ नसेल, तर ॲपाची घ्या आणि मान ताठ ठेवा, त्यात जुनाटपणा काही नाही. एन्जिनएक्स मी तेव्हाच सांगेन जेव्हा तो सुचवणारा तुमचा सहकारी म्हणेल की सांभाळायची जबाबदारी माझी, आणि त्याच्या जोडीला दुसरा एक जण ते शिकून घेईल.

आणि तिघांपैकी काहीही घ्या, कॉन्फिग गिटमध्ये (फाइल्समधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) ठेवा. कोणी कधी काय बदललं आणि का, हे रात्री अकराला आठवत नाही.

---

प्रश्न: आमचं सर्टिफिकेट दर तीन महिन्यांनी संपतं आणि आमच्यातला एक जण ते हाताने रिन्यू करतो. मागच्या वेळी तो रजेवर होता, साइटवर दोन दिवस लाल वॉर्निंग येत होती. पैसे भरून वर्षाचं सर्टिफिकेट घ्यावं का?

उत्तर: नको, कारण ती वाटच बंद होत चाललीये. ब्राउझरवाले आणि सर्टिफिकेट देणारे मिळून जे नियम करतात त्यानुसार मार्च २०२६ पासून कुठलंही पब्लिक सर्टिफिकेट जास्तीत जास्त २०० दिवसांचं, आणि मार्च २०२९ पासून फक्त ४७ दिवसांचं. पैसे भरलेत तरी तेच. म्हणजे हाताने रिन्यू करणं हे काम आज आहे त्याच्या दुप्पट वेळा करावं लागणार. ते मशीनवरच सोपवा.

लेट्स एन्क्रिप्टचं (ही फुकट सर्टिफिकेट देणारी संस्था) सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं आणि सर्टबॉट (ते आणणारा प्रोग्राम) लावला की शेवटचे ३० दिवस उरल्यावर तो स्वतःच रिन्यू करतो. पण "सर्टबॉट आहे, तरी वॉर्निंग आली" असंही मला बरेच जण लिहितात, तर त्यामागे बहुतेक वेळा दोनच कारणं निघतात. एक, सर्टिफिकेट डिस्कवर नवं आलेलं असतं पण सर्व्हरने सुरू होताना जे जुनं वाचून ठेवलं तेच तो देत बसतो, कारण त्याला रीलोड करायला कोणी सांगितलेलंच नसतं. सर्टबॉटमध्ये डिप्लॉय हुक म्हणून सोय आहे, तिथे सर्व्हर रीलोड करायची कमांड लिहा. दोन, कोणीतरी सुरक्षेसाठी म्हणून पोर्ट ८० (साध्या एचटीटीपीचं दार) बंद करून टाकलेला असतो, "आपण तर एचटीटीपीएस वापरतो मग ८० कशाला" असं म्हणून, आणि डोमेन तुमचंच आहे हे तपासायला लेट्स एन्क्रिप्ट नेहमीच्या पद्धतीत त्याच पोर्टवर येतं. ८० उघडा ठेवा, आणि त्यावर येणाऱ्यांना ४४३ वर (एचटीटीपीएसवर) पाठवा.

आणखी एक. पूर्वी सर्टिफिकेट संपायला आलं की लेट्स एन्क्रिप्टकडून ईमेल यायची, त्या भरवशावर बरेच जण निवांत होते. जून २०२५ मध्ये ती ईमेल बंद झाली. तेव्हा बाहेरून रोज तपासून तुम्हाला कळवेल असं काहीतरी लावा, आणि ती सूचना एकट्याच्या ईमेलवर जाऊ देऊ नका, टीमच्या ग्रुपवर जाऊ द्या. तुमचा माणूस रजेवर गेला यात त्याची चूक काहीच नाही, सगळी साइट एका माणसाच्या आठवणीवर चालली होती ही चूक आहे.

नवीन सेटअप करून बघताना लेट्स एन्क्रिप्टचं स्टेजिंग (चाचणीसाठीची वेगळी सोय) वापरा. त्याच नावांचं सर्टिफिकेट आठवड्यात पाचपेक्षा जास्त वेळा मागितलं की पुढचं अडवतात, आणि कॅडी कंटेनरमध्ये (पुन्हा सुरू करताना आतलं पुसलं जाऊ शकतं अशा बंदिस्त डब्यात) चालवून त्याचं डेटा फोल्डर कायमचं जपून ठेवलं नाही तर तो दर वेळी नव्याने मागतो आणि ही मर्यादा एका दुपारीच संपते.

---

प्रश्न: सर्व्हर अपडेट केल्यावर ५०२ बॅड गेटवे येतंय. एन्जिनएक्स दोनदा काढून पुन्हा टाकला, काही फरक नाही. ॲपाचीवर जाऊ का?

उत्तर: थांबा, एन्जिनएक्स ठणठणीत आहे. ५०२ तुम्हाला दिसतंय याचा अर्थच हा की पुढचा सर्व्हर जागा आहे, त्याने मागे विचारलं आणि मागून नीट उत्तर आलं नाही. ॲपाचीवर गेलात तरी मागचं जे बंद आहे ते बंदच राहील.

अपडेटनंतर झालंय म्हणताय तर आधी पीएचपीचं व्हर्जन बघा. डेबियन-उबंटूवर पीएचपी-एफपीएमच्या सॉकेट फाइलच्या (जिच्यातून एन्जिनएक्स पीएचपीशी बोलतो तिच्या) नावातच व्हर्जनचा आकडा असतो, पीएचपी ८.१ चं ८.३ झालं की सॉकेटचं नाव बदलतं आणि तुमच्या कॉन्फिगमध्ये जुनंच नाव राहतं. एन्जिनएक्सच्या एरर लॉगची शेवटची ओळ वाचा, तिथे "अशी फाइल नाही" असं सॉकेटच्या नावासकट लिहिलेलं असेल. नाव बदला, मग मायनस टी देऊन (nginx -t) कॉन्फिग तपासा, आणि सगळं ठीक म्हणाला तर रीलोड करा. रीस्टार्ट नको, कारण कॉन्फिगमध्ये चूक असताना रीलोड केलं तर जुनी कॉन्फिग चालू राहते, रीस्टार्ट केलं तर साइटच खाली जाते.

५०४ आलं असतं तर मागचं चालू आहे पण वेळेत उत्तर देत नाही असं समजायचं. आणि ४०३ आलं तर परमिशन, त्यातही फाइलची परमिशन बरोबर असून वरच्या एखाद्या फोल्डरमध्ये सर्व्हरला शिरताच येत नाहीये हे फार वेळा असतं, विशेषतः साइट स्वतःच्या होम फोल्डरमध्ये ठेवली असेल तर.

---

प्रश्न: आमची फक्त बारा पानं आहेत, सगळी एचटीएमएल. पायथनचा तो एका ओळीत चालू होणारा सर्व्हर आहे ना, तोच कायमचा चालू ठेवला तर?

उत्तर: नका ठेवू. पायथनच्या डॉक्युमेंटेशनमध्येच स्पष्ट लिहिलंय की तो प्रत्यक्ष साइटसाठी नाही, त्यात फक्त जुजबी सुरक्षा तपासण्या आहेत. घरच्या मशीनवर पान कसं दिसतं ते बघायला छान आहे. आणि नुसती बारा एचटीएमएल पानं असतील तर माझं म्हणणं असं की व्हीपीएसच घेऊ नका, स्टॅटिक साइट ठेवून देणाऱ्या सेवा आहेत तिथे फाइल्स ठेवा. अपडेट नाही, लॉग नाही, फायरवॉल नाही. पुढे कधी ॲप लागलं तर तेव्हा सर्व्हर घेता येईल.

---

प्रश्न: आम्ही सर्व्हरवर लॉगिन करून गिट पुल करतो आणि साइट अपडेट होते. सोपं पडतं. यात काही धोका आहे का?

उत्तर: हे उत्तर वाचून होताच ब्राउझरमध्ये तुमच्या साइटच्या पत्त्यापुढे स्लॅश, डॉट गिट, स्लॅश, कॉन्फिग (/.git/config) असं टाकून बघा. फाइल उघडली तर ज्याला कोणाला हवं त्याला तुमचा सगळा कोड आणि त्याचा पूर्ण इतिहास बाहेरून उतरवून घेता येतो, त्यात दोन वर्षांपूर्वी चुकून कमिट केलेला आणि मग पुसलेला डेटाबेसचा पासवर्डही आला. ॲपाची, एन्जिनएक्स, कॅडी, कोणीही हे आपणहून अडवत नाही. ॲपाचीच्या मूळ कॉन्फिगमध्ये डॉट एचटीने सुरू होणाऱ्या फाइल्स तेवढ्या झाकलेल्या असतात, डॉट गिट आणि डॉट ईएनव्ही (.env, पासवर्डसारखी गुपितं ठेवायची फाइल) नाही.

टिंबाने सुरू होणारं सगळं अडवा असा नियम लिहिता येतो, आणि आत्ता लगेच तो लिहाच (फक्त डॉट वेलनोन, म्हणजे .well-known, हे फोल्डर त्यातून वगळा, सर्टिफिकेटची तपासणी तिथे होते). पण खरा उपाय म्हणजे रिपॉझिटरीच्या (गिटने सांभाळलेल्या फोल्डरच्या) आत पब्लिक नावाचं फोल्डर करा, लोकांना दाखवायचं तेवढंच त्यात ठेवा आणि सर्व्हरचं रूट (ज्या फोल्डरमधून तो फाइल्स देतो ते) तिथे वळवा. मग डॉट गिट, ईएनव्ही फाइल, कोणीतरी सहज ठेवलेली डेटाबेसची कॉपी, हे सगळं सर्व्हरच्या आवाक्याबाहेरच राहतं आणि उद्या सर्व्हर बदलला तरी नियम पुन्हा लिहायची आठवण ठेवावी लागत नाही. ती फाइल उघडली असेल तर मात्र नुसतं झाकून थांबू नका, इतिहासात कधीही आलेला प्रत्येक पासवर्ड आणि गुप्त की (किल्ली) आजच बदला.